मावळातून जर्मनीत : पहिले चौदा दिवस

मावळातून जर्मनीत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रवास विमानतळावर नव्हे, भाताच्या गिरणीत सुरू होतो. घरातल्या काट्यावर माणूस उभा राहतो, बॅग राहत नाही. म्हणून कामशेत-वडगावच्या बाजूला पोती तोलायचा काटा या कामी येतो. एका बॅगेला बहुधा 23 किलोची मुभा असते. पहिल्या खेपेला काटा 29 दाखवतो. मग काटछाट सुरू होते, आणि तिचा क्रम घरोघरी एकच : आधी पुस्तकं, मग बूट, मग स्वेटर. इंद्रायणी तांदूळ, मेतकूट, गोडा मसाला आणि लोणच्याची बरणी यांना कोणी हात लावत नाही. थंडीने बोटं झडतील अशी भीती ज्या देशाबद्दल अख्ख्या आळीने घातलेली असते, त्या देशात मुलगा एक स्वेटर आणि पाच किलो तांदूळ घेऊन निघतो.

पेढे आणि साजूक तूप मात्र घरीच राहतात, कारण युरोपीय संघात बाहेरून येताना प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. चिक्कीला अशी आडकाठी नाही. बोरघाटात रेल्वेमार्गाचं काम चालू असताना मजुरांना जी गूळदाणी विकली जाई, तिचीच पुढे चिक्की झाली, असं लोणावळ्यात सांगतात. खडक फोडणाऱ्यांसाठी निघालेला हा पदार्थ विमानतळावर सामान फेकणाऱ्यांच्या हातूनही बऱ्यापैकी शाबूत पोचतो. निरोपाला येणारा प्रत्येक जण चिक्कीचाच डबा आणतो. लोणावळ्याच्या मुलाला लोणावळ्यात लोणावळ्याची चिक्की भेट देण्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही.

जर्मन गाड्यांच्या वक्तशीरपणाची कीर्ती मावळात फार मोठी आहे. पुणे-लोणावळा लोकल 1978 पासून धावते आणि तिच्याशी जुळवून घेण्यात मावळातल्या पोरांचं निम्मं कॉलेज जातं. दुपारी लोकल नसते तेव्हा तळेगावच्या फलाटावर बसून वर्गमित्राच्या वहीतून अख्खा विषय उतरवून होतो. असा विद्यार्थी फ्रँकफर्टला उतरतो तो घड्याळ लावूनच. फलाटावरच्या पाटीवर त्याच्या गाडीपुढे ‘35 मिनिटं उशिरा’ असं झळकतं. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 2024 साली जेमतेम 62 टक्के वेळेवर पोचल्या, आणि तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर उशीर न धरता. परक्या देशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटतं ते इथे. फरक एवढाच, की मावळात गाडी चुकली तर माणूस गाडीला शिव्या देतो आणि चहा घेतो. जर्मन माणूस त्याच शिव्या चहावाचून देतो.

पाऊस दुसरी फसगत करतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, बर्लिनमध्ये सहाशेच्या. त्यामुळे ऑक्टोबरमधली तिथली भुरभुर पाहून विद्यार्थी ‘हा कसला पाऊस’ म्हणत बिनछत्रीचा बाहेर पडतो. लोणावळ्याचा पाऊस अंगाला भिजवतो, हा हाडांना. तिसऱ्या दिवशी गिरणीत वगळलेल्या स्वेटरची आठवण निघते.

शनिवारी रात्री पोचणाऱ्यांचा रविवार हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. लोणावळ्यात रविवार म्हणजे अर्धी मुंबई आणि उरलेलं पुणे रस्त्यावर, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर मुंगीला जागा नाही, वर्षाची कमाई पावसाळ्यातल्या काही रविवारांवर. जर्मनीत रविवारी दुकानं कायद्यानेच बंद. विद्यार्थी रिकाम्या रस्त्यावरून दोन चकरा मारतो, काही तरी बंद-बिंद पुकारला असावा असं समजतो आणि खोलीवर परततो. रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात, हे त्याला सोमवारी कळतं. तोवर एका डब्यातली चिक्की संपलेली असते.

त्यानंतर स्वयंपाक. विजेच्या शेगडीची काच बंद केल्यावरही तापलेलीच राहते, त्यामुळे इंद्रायणीचा मूळचा चिकट भात आणखी पाच मिनिटांत खळीच्या लायकीचा होतो. कुकरच्या पहिल्या शिट्टीला शेजारी दार उघडतो, दुसरीला ठोठावतो. फोडणीला मात्र शेजाऱ्याची गरज पडत नाही. मोहरी तडतडून मिरची पडली की छताला चिकटलेली पांढरी चकती स्वतःच बोंब ठोकते. खुर्चीवर चढून त्या चकतीला टॉवेलने वारा घालणारा मुलगा आणि खाली करपणारा कढीपत्ता हे दृश्य वसतिगृहांना आता नवं राहिलेलं नाही.

भाषेच्या बाबतीत मावळच्या विद्यार्थ्याच्या हाती एक हुकमाचं पान असतं, पण ते आहे हे त्याला ठाऊक नसतं. जर्मनमध्ये 21 म्हणजे ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’, म्हणजे एक आणि वीस. इंग्रजी वळणाची मंडळी इथे अडखळतात आणि फोन नंबर उलटे लिहून घेतात. ज्याने शाळेत एकवीस, बावीस, तेवीस घोकले त्याला आधी एकक आणि मग दशक यात नवल ते काय? घड्याळाचंही तसंच. ‘हाल्ब आख्त’ म्हणजे शब्दशः अर्धा आठ, अर्थात साडेसात. इंग्रजीतून विचार करणारा साडेआठला पोचतो आणि पहिलं व्याख्यान घालवतो. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे बऱ्याच ठिकाणी ‘पाऊण आठ’ही म्हणतात, तेच आपलं पावणेआठ. आजीच्या घड्याळाने चालणारा मुलगा वेळेवर पोचेल, पण बहुतेकांनी आजीचं घड्याळ दहावीतच सोडलेलं असतं.

बाटल्यांचं शास्त्र वेगळं. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राला दिली की चिठ्ठी मिळते. भुशीच्या पायऱ्यांवर एका रविवारी उरणाऱ्या बाटल्यांना हा दर लावला, तर सहामाहीचं शुल्क भरून वर भजी खाता येतील, हा हिशेब प्रत्येक लोणावळेकर विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात मनात करतो. लोणच्याच्या बरणीला मात्र अनामत नाही. काच रंगावारी टाकायची : पांढरी, तपकिरी, हिरवी, आणि रविवारी टाकायची नाही, आवाज होतो. तळेगावच्या मुलाने याचं ओझं घेऊ नये. पैसा फंडाचा काच कारखाना 1908 मध्ये तळेगावात निघाला, आणि त्याची घडी बसवणारे ईश्वरदास वार्ष्णेय परदेशी, जपान-अमेरिकेत, काच शिकून तळेगावला आले होते. काचेच्या बाबतीत गाव कोणाचं देणं लागत नाही.

या सगळ्यावर छाया असते ती कागदांची. रहिवासी दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत घातलेले हेलपाटे आता संपले, या आनंदात विद्यार्थी देश सोडतो. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ‘आन्मेल्डुंग’, म्हणजे रहिवासाची नोंद करावी लागते. सोबत घरमालकाचं पत्र. मोठ्या शहरांत त्यासाठी भेटीची वेळ घ्यायची, आणि ती बऱ्याचदा पाच आठवड्यांनंतरची मिळते. दरम्यान बँक नोंदीचा कागद मागते, नोंदीला घर लागतं, आणि घरमालकाला बँकेचा कागद हवा असतो. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो आधीच एका खात्यात कोंडून ठेवलेले असतात. ते महिन्याला 992 प्रमाणे सुटायचे, पण इथलं बँक खातं उघडल्यावर. स्वतःच्याच पैशांसाठी असं ताटकळण्याचा अनुभव गावच्या सोसायटीत ज्यांनी घेतलेला आहे त्यांना हे जड जात नाही. कचेरीतल्या बाईंना घाईत ‘दू’, म्हणजे तू, म्हटलं जातं; त्या चष्म्यावरून बघतात, आणि अहो-जाहो नावाची गोष्ट सातासमुद्रापार सुद्धा आहे हे लक्षात येतं.

दाखल्यावर गावाचं नाव ‘लोनाव्ला’ असं छापून येतं. ळ जर्मनांना नाही, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नसतो. उरतं ते टपालपेटीवर आडनाव चिकटवणं. तिथे पत्ता खोलीच्या नंबराने नव्हे, आडनावाने ओळखतात. आडनाव नसलेल्या पेटीत पोस्टमन पत्र टाकत नाही. विद्यार्थी चिक्कीच्या डब्याचं लेबल उलटं करून त्यावर आडनाव लिहितो. पुढच्या काही दिवसांत त्या पेटीत त्याच्या नावाचं पहिलं पत्र येतं. घरून नव्हे, रेडिओ आणि टीव्हीच्या सरकारमान्य वर्गणीचं, महिन्याला 18.36 युरो. खोलीत टीव्ही नाही, हे कारण चालत नाही.