किती देते?

गाडीचं नाव मी सांगणार नाही. जुन्या काळच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायच्या, फारच आग्रह झाला तर उखाण्यात घालून घ्यायच्या; माझं तसंच आहे. शिवाय पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कंपनीचे वकील जागे झाले, तर समोर वकील उभा करण्याची माझी ऐपत नाही. जी होती ती गाडीने घेतली. एवढंच सांगतो की इटालियन आहे, लाल आहे, दोन दारांची, सहा सिलिंडरची आणि १९९९ सालची आहे. बेडफर्डमध्ये आमच्या घरासमोर ती उभी असते. 'उभी असते' हे मी विचारपूर्वक लिहितोय.

ब्रिटनमध्ये जुन्या इटालियन स्पोर्ट्स कारचा भाव असा काही कोसळतो की मराठी माणसाला ते बघवत नाही. ही नवी होती तेव्हा तिच्या पैशात उत्तर इंग्लंडातल्या एखाद्या गिरणगावात छोटंसं घर आलं असतं. मी घेतली तेव्हा तिच्या पैशात त्या घराला नवा बॉयलर आला असता. इतकी मोठी सूट समोर दिसत असताना मागे फिरायचं, हे आमच्या रक्तात नाही. छंदबिंद मला परवडत नाहीत. काटकसर मात्र मी कितीही पैसे घालून करू शकतो.

"अरे, पण आपल्यालाच नवा बॉयलर हवाय," बायको म्हणाली. तिचं म्हणणं बरोबर होतं. पण बॉयलर लाल नसतो.

इथल्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे आणि त्यावर कोणी प्रबंध कसा लिहिला नाही याचं मला नवल वाटतं. 'नाइलाजाने विकत आहे.' 'बाळ झाल्यामुळे विक्री.' (इटालियन गाडीवाल्यांना बाळं फार होतात.) 'किरकोळ काम आहे, हौशी माणसाला सहज जमेल.' हे सहज जमणारं काम स्वतः करायला विकणाऱ्याला कधीच वेळ झालेला नसतो. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे 'एसीत फक्त गॅस भरावा लागेल'. माझ्या गाडीच्या जाहिरातीतही ते होतं. गॅस भरला. तो ज्या भोकातून आधी गेला होता त्याच भोकातून पुन्हा गेला. इंग्लंडात एसी लागतो कुठे, असं आता मी पाहुण्यांना सांगतो, आणि जुलैत ते ऐकताना पाहुणे काच खाली करायला बघतात. डावीकडची काच खाली जाते. वर येणं हा नंतरचा प्रश्न.

बरं, या देशात गाडीचं पूर्वायुष्य लपत नाही. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी नावाची सरकारी तपासणी होते, आणि नंबर टाकला की २००५ पासूनचे सगळे निकाल कोणालाही घरबसल्या वाचता येतात. पास, नापास, मैल, सगळं. शेजाऱ्याचा पगार विचारणं इथे असभ्य मानतात, पण त्याच्या गाडीचं तेल कुठून गळतं ते खुशाल वाचा. आम्ही एका रात्री जेवणं झाल्यावर हिचा सगळा इतिहास वाचून काढला. टायर झिजून कायद्याच्या १.६ मिलिमीटरच्या जवळ आलेले. मागच्या बाजूला किंचित गंज. पुढच्या वर्षी किंचित गंज. त्याच्या पुढच्या वर्षी तोच गंज, 'किंचित' गायब. आणि जवळजवळ दरसाल एक वाक्य: तेल गळतं, पण अति नाही. बायकोने ते दोनदा वाचलं. "अति म्हणजे किती, हे ठरवणारा माणूस मला भेटायचाय," ती म्हणाली.

गंजाचा दोष मात्र मी एकट्या इटलीला देणार नाही. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्यासाठी चेशरमध्ये विन्सफर्डला १८४४ साली सुरू झालेली खाण आहे. उन्हात वाढलेल्या पत्र्याला चार महिने मिठात घालायचं आणि वर विचारायचं, हिला काय झालं? लान्सिया बीटाचं प्रकरण इथले जुने लोक अजून सांगतात. इंजिनाला धरून ठेवणारा खालचा सांगाडा गंजतो म्हणून १९८० साली वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने असा गदारोळ केला, की कंपनीने लोकांकडून गाड्या परत विकत घेऊन मोडीत काढल्या. त्यातून लान्सियाचं नाव इथे सावरलंच नाही; १९९४ मध्ये तिने ब्रिटनमधून गाशा गुंडाळला. २०११ साली त्याच घराण्यातल्या गाड्या परत आल्या त्या क्रायस्लर म्हणून. तेव्हा नाव न घेण्याची रीत काही माझ्यापासून सुरू झालेली नाही.

गाडी घेतल्याचं सांगलीला बाबांना सांगितलं. व्हिडिओ कॉलवर गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून दाखवली. बाबांनी पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"कोणी वापरलेली?"

"आधीचा मालक शाळेत शिक्षक होता."

"डॉक्टरची नाही?" त्यांचा चेहरा उतरला. मग मूळ मुद्दा आला. "किती देते?"

पृथ्वीवर कुठेही, कुठल्याही किमतीच्या गाडीपुढे मराठी माणूस उभा करा, हाच प्रश्न येणार. मी म्हणालो, "गॅलनला वीस मैल."

त्यांनी मनातल्या मनात इंग्लिश गॅलनचे लिटर केले, मैलांचे किलोमीटर केले. "म्हणजे सात. अरे, मग ही देत नाही, घेते."

खरं तर इटालियन गाडी आमच्या घराला नवी नाही. फियाट ११००, मूळची ट्युरिनची, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनायला लागली, पुढे तिची पद्मिनी झाली आणि काळीपिवळी होऊन तिने निम्मी मुंबई वाहिली. त्यातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण तिला कोणी कधी इटालियन म्हटलं नाही. कारखाना वालचंद हिराचंदांचा, बाबा शिकले सांगलीच्या वालचंद कॉलेजात, म्हणजे गाडी घरचीच. आमची मिरजेच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. मिरजेत दवाखाने इतके की त्या भागातली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांचीच निघायची. चिपळूणला जाताना ती कुंभार्ली घाटात थांबे. 'बंद पडली' असं बोलायची घरात पद्धत नव्हती. उन्हाने आणि चढाने इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि पंप बिचारा वाफ ओढत बसायचा. बाबा बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवायचे, आई दशम्यांचा डबा उघडायची. डबा संपला की गाडी सुरू. लोणचं किती उरलंय त्यावरून आम्हाला घाट किती उरलाय ते कळायचं.

गेल्या गणपतीत आम्ही लंडनला निघालो होतो. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. मंडळ १९३२ चं, न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने सुरू झालेलं. लंडनमध्ये आता सगळीकडे जुन्या, धूर सोडणाऱ्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड पडतात. नियम योग्यच आहे, हिच्या मागे उभं राहून श्वास घेतलेला कोणीही सांगेल. मी सकाळीच पैसे भरून टाकले. मागच्या सीटवर मोदकांचं पातेलं ठेवलं. ही सीट चार माणसांची गाडी म्हणून विकता यावी एवढ्यासाठीच दिलेली आहे. तिच्यावर माणूस बसत नाही, एकवीस मोदक मात्र आरामात बसतात. ए-६ वर बार्टनच्या पुढे चढ लागतो. बेडफर्डशर हा सपाट प्रांत, त्यामुळे इथे याला डोंगर म्हणतात. चढाच्या मध्यावर इंजिन गेलं. धूर नाही, खडखडाट नाही. बोलता बोलता माणूस गप्प व्हावा तशी गप्प झाली.

बायको पैठणीत, रस्त्याकडेच्या गवतात, हातात पातेलं. मी फोनवर. मदतीच्या गाडीला तासभर लागणार होता, तेवढ्यात बाबांचाच आरतीसाठी फोन आला.

"चढ होता का?"

"होता."

"तापली. पंपावर ओलं फडकं ठेव."

"बाबा, हिचा पंप पेट्रोलच्या टाकीत असतो. तिथे हात पोचत नाही."

"मग पोचेल तिथे ठेव."

वालचंदच्या इंजिनिअरशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पण फडकं आणायचं कुठून? बायकोने एक शब्द न बोलता पातेल्यावरचं काढून दिलं. उकडीचे मोदक वाळू नयेत म्हणून त्यावर ओलं फडकं टाकायचं असतं, हे ज्याने ठरवलं त्याला पुढचं सगळं दिसलं असणार. मी ते इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे भेटतात तिथे खाली हात घालून कोंबलं. आम्ही दोन-दोन मोदक खाल्ले. किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, आणि आम्ही आल्या वाटेने घरी आलो. लंडनने साडेबारा पौंड घेतले, लंडन काही लागलं नाही.

"कुठेतरी तक्रार कर," घरी आल्यावर बायको म्हणाली. मी तिला फेरुच्चो लाम्बोर्गिनीची गोष्ट सांगितली. हा ट्रॅक्टरवाला. त्याच्या फेरारीचा क्लच सारखा त्रास द्यायचा म्हणून तो एन्झो फेरारीकडे तक्रार घेऊन गेला. तू ट्रॅक्टर चालव, असं काहीसं उत्तर मिळालं म्हणतात. त्याने चिडून १९६३ साली स्वतःचाच मोटारींचा कारखाना काढला. खरं-खोटं देव जाणे, पण इटालियन गाडीच्या मालकाने केलेल्या तक्रारींपैकी यशस्वी झालेली मला ही एवढीच माहीत आहे. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. "तुझा कारखाना काढायचा विचार असेल तर आधी बॉयलर," ती म्हणाली.

बेडफर्डला इटालियन माणसांची वाण नाही. १९५० च्या दशकात इथल्या वीटभट्ट्यांना माणसं मिळेनात, तेव्हा कंपनीने दक्षिण इटलीतून हजारोंनी गडी आणले. गावात अजून त्यांच्या नातवंडांची कॉफीची दुकानं आहेत. त्यांच्यातल्याच एकाच्या गॅरेजमध्ये मी गाडी नेतो. काम मुलगा करतो. म्हातारे वडील निवृत्त झालेत, म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून काम चुकतंय हे सांगतात. मी फडक्याचा किस्सा सांगितला तर मुलगा हसला. म्हातारा हसला नाही. तो उठला, इंजिन तापेपर्यंत चालू ठेवून गाडी बंद पडू दिली, आणि मी फडकं कोंबलं होतं त्याच जागी खाली मगभर गार पाणी ओतलं. किल्ली फिरवताच इंजिन लागलं. तिथे क्रँकशाफ्टचं फिरणं मोजणारा बोटभर सेन्सर असतो, तो तापला की मोजणं सोडतो, आणि मोजणी थांबली की इंजिनाचा संगणक ठिणगी थांबवतो. कुंभार्लीतली वाफ आणि बार्टनचा सेन्सर यांचा काहीही संबंध नाही. फडकं मात्र लागू पडलं. "हे सांगणारा मेकॅनिक कुठे असतो?" म्हाताऱ्याने विचारलं. मी म्हणालो, सांगलीला. त्याला ते सिसिलीतलं गाव वाटलं असावं.

मे महिन्यात बाबा आले. मी त्यांना मुद्दाम गॅरेजवर नेलं. गाडी जमिनीला टेकलेली असल्याने आत बसताना ते नुसते सुटले आणि पोचले. बाहेर काढताना मात्र मी आणि मुलगा असे दोघे लागलो. म्हाताऱ्याचं इंग्रजी बेडफर्डचं, बाबांचं पीडब्ल्यूडीचं. पहिली पाच मिनिटं दोघं नुसतीच मान डोलवत होते. मग बाबा छातीवर हात ठेवून म्हणाले, "माय कार, फियाट. इलेव्हन हंड्रेड."

"मिलेचेंतो!" म्हातारा खुर्चीतून उठलाच. त्याच्या लहानपणी गावात एकच गाडी होती, मिलेचेंतो. कोणाची? डॉक्टरची.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की शिक्षकाची गाडी घेतल्याबद्दल मला पुन्हा एकदा लाज वाटावी. मग दोघं हवेतलं स्टेअरिंग धरून उभे राहिले. ११०० चा गिअर स्टेअरिंगला असायचा. बाबा डाव्या हाताने पहिला टाकत होते, म्हातारा उजव्या हाताने, आणि दुसऱ्या गिअरला दोघांच्याही तोंडून सारखाच आवाज निघाला. त्यानंतर माझ्याकडून किल्ली मागून घेऊन ते दोघं माझ्या गाडीतून निघून गेले. म्हाताऱ्याला बाबांना स्टुअर्टबी दाखवायचं होतं, जिथे त्याचे वडील विटा भाजायचे. भट्टी २००८ मध्ये बंद झाली, धुरांडी २०२१ मध्ये पाडली, त्यामुळे तिथे बघण्यासारखं काही नाही. तेच बघायला ते तासभर लावून आले.

परत आले तेव्हा दोघांचे चेहरे गंभीर. बॉनेट उघडलं. दोघांनी कान लावले. म्हातारा काहीतरी इटालियनमध्ये बोलला, बाबा मराठीत "बरोबर" म्हणाले.

"क्लच गेलाय," बाबांनी मला सांगितलं.

मुलाने कागद घेऊन आकडा लिहिला. आम्ही बॉयलरसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेपेक्षा तो थोडा कमी होता.

"करून टाक," बाबा म्हणाले. "क्लच घसरला की पेट्रोल जास्त पिते. बदललास तर साडेसात देईल."