भाऊसाहेबांचा ऑक्सिजन

मंदावहिनींनी घरातल्या फरशा बदलायला काढल्या आणि सावेडीतल्या आमच्या गल्लीची दुपारची झोप गेली. सकाळी कटर सुरू होतो तो जेवणाच्या सुट्टीलाच थांबतो. चांगली शहाबादी उखडून ग्रॅनाइट बसवायचंय म्हणे. शहाबादीचं काय वाईट होतं, हे मी विचारलं नाही. मुलगा पुण्याहून पैसे पाठवतोय, त्यात आपण बोलणारे कोण? पण पांढरी धूळ आमच्या तुळशीवरही बसते, तेव्हा कुंपणाशी उभं राहून चार शब्द बोलायचा हक्क मला आहेच.

वहिनींना मात्र धुळीपेक्षा भाऊसाहेबांची चिंता. त्यांना दम्याचा त्रास. छातीच्या डॉक्टरांनी बजावलंय, काम संपेपर्यंत घरात एन-95 मास्क लावायचा. आणि भाऊसाहेब ऐकत नाहीत.

"त्यांचं आपलं एकच," वहिनी कुंपणावरून शेवग्याच्या शेंगा माझ्याकडे देत म्हणाल्या, "मास्क लावला की ऑक्सिजन कमी होतो. आपण सोडलेली हवा आपणच परत ओढायची, म्हणजे विषच की ते."

"हे खूळ करोनापासूनचं ना?"

"तर काय! तेव्हासुद्धा पोलीस पावती फाडतील म्हणून लावायचे. तोही हनुवटीला. चौक गेला की खाली."

तेवढ्यात मागच्या कुंपणापलीकडून सिस्टर आल्या. सरकारी दवाखान्यातून त्या निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली, पण गल्लीत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. ऑपरेशन थिएटरला नोकरी काढलेली बाई. तिला विषय पुरतो.

"काय म्हणतात भाऊसाहेब, ऑक्सिजन कमी होतो? आमचे सर्जन पाच-पाच, सहा-सहा तास तोंड बांधून उभे राहायचे. हवा कमी पडली म्हणून चक्कर येऊन कुणी पेशंटच्या अंगावर पडलेलं मी बघितलं नाही. शिकाऊ पोरं पडायची, पण ती रक्त बघून."

वहिनी हसल्या, पण नवऱ्याची बाजू इतक्यात सोडायची नव्हती. "सर्जन तरुण असतात हो. आमच्यांना त्र्याहत्तरावं चालू आहे."

"मग म्हाताऱ्यांचंच सांगते. कॅनडातल्या डॉक्टरांनी 2020 साली पासष्टीच्या पुढची 25 माणसं घेतली. मास्क लावण्याआधी तासभर, लावून तासभर आणि काढल्यावर तासभर, बोटाला यंत्र लावून मोजलं. आधी सरासरी 96.1, मास्क लावून 96.5, नंतर 96.3. पडला काही फरक?"

"उलट वाढलाच की," मी म्हटलं.

"वाढला वगैरे काही नाही, तेवढं इकडेतिकडे होतंच. पण एक सांगते, उगाच लपवत नाही. जरा हललं तरी धाप लागते, अशी माणसं त्यांनी त्यात घेतली नव्हती. तसा कुणी असेल तर त्यानं आपल्या डॉक्टरला विचारूनच ठरवावं. भाऊसाहेबांना तर त्यांच्या डॉक्टरनंच सांगितलंय. मंदाताई, तुमच्याकडे ते बोटाचं यंत्र असेल ना?"

ते कुणाकडे नाही? 2021 च्या एप्रिलात दुकानांतून गायब झालेलं ते यंत्र आता घरोघरी टीव्हीच्या जुन्या रिमोटशेजारी पडलेलं असतं. वहिनी आत जाऊन घेऊन आल्या. सेल गेलेले. माझ्या भिंतीवरच्या घड्याळाचे काढून दिले. वहिनींनी बोट घातलं तर आकडा काही केल्या थांबेना. भाचीच्या लग्नातली मेंदी अजून नखांवर गडद होती. सिस्टर म्हणाल्या, मेंदी आणि गडद नेलपॉलिश या दोन्हींनी हे यंत्र फसू शकतं. मग माझं बोट. नुसतं 97. पदर नाका-तोंडावर घट्ट धरून, वहिनींशी त्यांच्या भाचीच्या सासूबद्दल बोलून झाल्यावर, तरी 97. बोलणं बरंच झालं होतं.

"पण हे ऑक्सिजनचं झालं," वहिनी म्हणाल्या. आता त्याही रंगात आल्या होत्या. "त्या कार्बन डायऑक्साइडचं काय?"

"बरोबर विचारलंत. तो हे यंत्र दाखवत नाही." सिस्टरांनी चष्मा पुसला. "मास्कच्या आत थोडी सोडलेली हवा राहतेच, एन-95 मध्ये जास्त. म्हणून गुदमरल्यासारखं, उकडल्यासारखं होतं. गरम, ओली हवा तोंडावर बसली की मेंदूला वाटतं श्वास अडकला. पण वायूचे कण इतके बारीक, की कापडाला ते दिसतसुद्धा नाहीत. विषाणू त्यांच्यापेक्षा शेकडो पट मोठा, आणि तोही बापडा एकटा फिरत नाही, थुंकीच्या थेंबांत बसून फिरतो. मास्क अडवतो ते थेंब आणि धूळ. हवा नाही."

"हे म्हणतात, विषाणू त्यातून आरपार जातो."

"आणि कार्बन डायऑक्साइड जात नाही?"

वहिनी क्षणभर गप्प झाल्या. "हो हो. दोन्ही म्हणतात. सकाळी एक आणि रात्री जेवताना दुसरं."

मला आपलं पुण्यातल्या पोरींचं आठवलं. करोना यायच्या कितीतरी आधीपासून स्कूटरवरची प्रत्येक पोरगी डोळे तेवढे उघडे ठेवून ओढणीनं तोंड बांधते. वहिनींची नातही तशीच कर्वे रस्त्यानं कॉलेजला जायची. तिच्या ऑक्सिजनची काळजी तिच्या आजोबांनी कधी केली नाही. केली ती वेगळीच काळजी: पोरगी कुणाच्या मागे बसलीय, ते ओळखू येत नाही म्हणून.

"आणि आपल्याकडे आनंदधामला महाराजसाहेब येतात," मी म्हटलं, "ते स्थानकवासी साधू-साध्वी दीक्षेपासून मुहपत्ती बांधूनच असतात. आयुष्यभर."

"त्यांचं नाक उघडं असतं," सिस्टर लगेच म्हणाल्या. "आणि ते हवेतल्या जिवांना इजा होऊ नये म्हणून बांधतात. पुरावा द्यायचा तर सरळ द्यावा." सिस्टरांचं असंच आहे. आपल्या बाजूचं बोललं तरी खोडतात. म्हणून तर त्यांच्यावर विश्वास बसतो.

मग त्यांनी हार्बिनची गोष्ट काढली. निवृत्तीनंतर वाचनालयातली पुस्तकं संपवलेली बाई. 1910-11 च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला. पेनांगमध्ये जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला वू लियेन-ते नावाचा तरुण डॉक्टर तिथे गेला आणि म्हणाला, हा पिसवांनी पसरत नाहीये, श्वासातून पसरतोय, सगळ्यांनी कापूस-गॉजची पट्टी बांधा. मेस्नी नावाचा वयानं मोठा फ्रेंच डॉक्टर होता, त्याला हा पोरटेपणा वाटला. तसाच उघड्या तोंडानं रोगी तपासायला गेला. थोड्याच दिवसांत प्लेगनं गेला.

"मग?" वहिनी.

"मग सगळ्यांनी बांधल्या."

हे ऐकून वहिनी जरा दबल्या, पण हुकमाचा पत्ता अजून हातात होता. "बरं, काळ्या बुरशीचं काय? आमच्या मामेदिरांचा डोळा गेला 2021 ला. सगळे म्हणत होते, घाणेरड्या मास्कमुळे झालं."

इथे सिस्टरांचा आवाज उतरला. त्या साली त्यांनी पाहिलेलं काही कमी नव्हतं. "मंदाताई, ती बुरशी मातीत, शेणखतात, कुजक्या पाल्यात सगळीकडेच असते. निरोगी माणसाला सहसा काही करत नाही. मामेदिरांना साखर होती?"

"चारशेच्या खाली येत नव्हती. आणि इंजेक्शनं चालू होती, ती... स्टिरॉइडची."

"साखर हाताबाहेर आणि वर स्टिरॉइड. खरं कारण ते. मास्कनं बुरशी झाली, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण मळका, घामेजलेला मास्क दिवसचे दिवस वापरला तर तोंडावर पुरळ उठणार, खाज सुटणार, हे मात्र खरं. तशी पुरळं आमच्या नर्सपोरींच्या गालांवर मी बघितलीत. कानामागची कातडी सोलून निघायची. दिवसभर घट्ट एन-95 घालून डोकंही दुखायचं त्यांचं. मास्कचा त्रास होतच नाही, असं कोण म्हणतं? होतो. पण तो कातडीचा, कानाचा, चष्म्यावर चढणाऱ्या वाफेचा. भाऊसाहेब ज्याला भितात, त्याचा नाही."

"आणि आमच्यासारख्यांचा," मी म्हटलं. मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. समोरच्याचे ओठ बघून निम्मं बोलणं कळतं, हे मला दोन वर्षं सगळ्यांचे ओठ झाकल्यावर समजलं. बँकेत तर मी नुसती मान हलवायची. 2022 च्या गुढीपाडव्याला राज्यात मास्कची सक्ती उठली, तेव्हा लोकांना मोकळा श्वास मिळाला म्हणे. मला भाजीवाली नेमका काय भाव सांगतेय ते कळायला लागलं. योगायोग बघा, देशाचं टाळंही 2020 च्या पाडव्यालाच लागलं होतं.

पोरांचंही निघालं. वहिनींचा धाकटा नातू तेव्हा चार वर्षांचा, आणि सून त्याला अंगणातसुद्धा मास्क लावायची. सिस्टर म्हणाल्या, त्याची गरजच नव्हती. पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मास्क नको, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानं 2021 च्या जूनमध्ये सांगितलं होतं. वहिनींनी हे सुनेला फोन करून सांगायचं लगेच ठरवलं. इतक्या वर्षांनी का होईना.

इतका वेळ मी त्या कटरवाल्या पोराकडे बघत होते. वीस-बावीसचा असेल. पोर्चमध्ये उकिडवा बसून ग्रॅनाइट कापत होता. भुवया, पापण्या पांढऱ्याफेक. तोंडाला साधा रुमाल. त्याच्या ऑक्सिजनबद्दल इतक्या वेळात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

सिस्टरांनीही माझी नजर पाहिली. "त्या रुमालानं काही होत नाही. ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचा अंश भरपूर. त्याची जी धूळ डोळ्यांना दिसते ती नाकात अडकते. जी दिसत नाही, ती थेट फुप्फुसाच्या तळाला जाऊन बसते आणि आयुष्यभर निघत नाही. सिलिकोसिस म्हणतात, त्यावर औषध नाही. कटरवर पाण्याची धार का नाही सोडत? निम्म्याहून जास्त धूळ जागच्या जागी बसेल."

"पाण्यानं चिखल होतो," वहिनी पुटपुटल्या. "मीच नको म्हटलं. नवीन रंग दिलाय ना पोर्चला."

कुणी काही बोललं नाही. मग वहिनींनी स्वतःच नळाची पाइप ओढत नेऊन त्या पोराच्या पुढ्यात टाकली.

परत आल्या त्या हातात दुकानातून आणलेला डबा घेऊन. सिस्टरांनी डबा उलटसुलट करून पाहिला. एफएफपी2, आय.एस. 9473, कानाला नाही तर डोक्यामागे जाणारे दोन पट्टे. ठीक आहे म्हणाल्या. पुढे व्हॉल्व होता. मी विचारलं, व्हॉल्वचे वापरू नका असं सरकारनंच सांगितलं होतं ना? तर म्हणाल्या, ते करोनासाठी होतं. व्हॉल्वमधून आपला श्वास न गाळता बाहेर जातो, दुसऱ्याला धोका. इथे भाऊसाहेबांनी स्वतःला वाचवायचंय, उलट व्हॉल्वनं उकडणार कमी. फक्त धुवायचा नाही. आतल्या थरात विजेचा भार असतो, तो बारीक कण ओढून धरतो. धुतला की भार गेला.

"दोन घ्या," त्या म्हणाल्या, "एक त्या पोराला द्या." वहिनींनी लगेच काढून ठेवला.

"आणि भाऊसाहेबांना सांगा, दाढी काढावी लागेल."

"काय?"

"दाढी असली की मास्क गालाला चिकटत नाही. सगळी धूळ कडेनं आत."

वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला. भाऊसाहेबांनी ती दाढी निवृत्तीच्या दिवसापासून राखलीय. लग्नाकार्यात लोक तिला नमस्कार करतात. "म्हणजे बघा," वहिनी हळूच म्हणाल्या, "ऑक्सिजनचं मी पटवीन हो त्यांना. हे कसं पटवायचं?"

इतक्यात खिडकीतून आवाज आला. भाऊसाहेब सगळं ऐकत होते तर.

"सिस्टर, मिशी चालेल का?"

"मास्कच्या आत मावली तर चालेल," सिस्टर ओरडल्या. "हनुवटी मात्र गुळगुळीत पाहिजे."

खिडकी धाडकन बंद झाली. वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, कोपऱ्यावरचा न्हावी सोमवारी बंद असतो की मंगळवारी.