पत्रा बघा, पत्रा!

सोसायटीत कोणी नवी आलिशान एसयूव्ही आणली की पेढा घ्यायला सर्वांत आधी हजर होतात ते फिएटवाले काका. कुर्ल्याच्या कारखान्यात त्या गाडीचं 'पद्मिनी' असं बारसं होऊन पन्नास वर्षं झाली, तरी काका 'फिएट'च म्हणणार. पेढा तोंडात टाकून ते नव्या बॉनेटवर बोटाच्या पेराने टकटक करतात, डॉक्टरांसारखा कान देतात आणि निदान सांगतात, "डबा आहे." मग बिचाऱ्या मालकाला आपल्या गाडीपाशी नेऊन तिथे टकटक. "पत्रा बघा, पत्रा!" दोन टनांवरची गाडी घेतलेला माणूस नऊशे किलोच्या गाडीसमोर ओशाळून उभा राहतो.

आता हा पत्र्याचा मुद्दा साफ चुकीचा आहे. धडक बसली की तिचा जोर कुठेतरी जिरावा लागतो. गाडी चेपली नाही तर तो आतल्या माणसात जिरतो. म्हणून नव्या गाडीचं नाक चेपण्यासाठीच केलेलं असतं आणि माणसांभोवतीचा पिंजरा तेवढा कडक. २००९ साली अमेरिकेत १९५९ची शेवरोले बेल एअर आणि २००९ची मालिबू ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर आदळवून पाहिली. जाड पत्र्याच्या बेल एअरमधला पुतळा माणूस असता तर वाचला नसता; मालिबूतल्याच्या फार तर पायाला लागलं असतं. काकांना हे सांगितलं तर म्हणतील, "तो अमेरिकन पत्रा!"

पण पत्र्याच्या नादात काका स्वतःचा खरा मुद्दा विसरतात. १०८९ सीसीचं ते इंजिन बॉनेट उघडताच सगळं समोर दिसतं. प्लग काढा, पॉलिश पेपरने पॉइंट घासा, कार्ब्युरेटरमध्ये फुंकर मारा. मे महिन्यात घाटात बंद पडली तर इंजिनावरच्या पेट्रोलपंपावर ओलं फडकं टाका आणि थर्मासमधला चहा संपेपर्यंत थांबा. कोणी म्हणेल, सारखी बंद पडायची म्हणूनच शिकावं लागलं. यात कौतुक कसलं? कबूल. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं आणि मिळायची ती हँडगिअरची, अवजड स्टिअरिंगची गाडी. धूर तर विचारूच नका. तरीही त्या गाडीचा मालक खरोखर मालक होता. एसयूव्हीवाल्याकडे मसाज करणारी सीट आहे, पण पडद्यावर पिवळा दिवा लागला की तो कंपनीच्या दारातला अर्जदार.

२०२३च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. काकांची अजून गेटपाशी उभी असते, रविवारी पुसली जाते. आणि एसयूव्ही सुरू होईना झाली की तिचा मालक, इतकं ऐकून घेतल्यावरही, हाक काकांनाच मारतो. काका पाना घेऊन येतात, बॉनेट उघडतात. आत एकसंध काळं प्लॅस्टिकचं झाकण. पाना लावावा असा नट कुठेच दिसत नाही. थोडा वेळ बघत राहतात, मग बॉनेट हलकेच लावतात. टकटक करत नाहीत.