एका वेळी एकच सूर

लग्नसराईत जुळे सोलापुरात कुणी किती वाजता झोपायचं, हे बेंजो पार्टी ठरवते. वरात कार्यालयाच्या अलीकडे हमखास अडते, गर्दीतून कुणीतरी ओरडतं, "काय बे, नागीण लाव की!" आणि तोंडात रुमाल धरून एखादा मामा डांबरावर आडवा होतो. मे महिन्यातलं डांबर रात्री आठलाही पुरतं निवलेलं नसतं. त्याला निष्ठाच लागते.

आणि ही निष्ठा ज्या पुंगीवर, ती मुळात पुंगीच नव्हे. १९५४च्या 'नागिन'मधली हेमंतकुमारांची ती बीन कल्याणजींच्या क्लॅव्हिओलिनमधून आणि रवींच्या हार्मोनियममधून निघाली. क्लॅव्हिओलिन हे फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांचं १९४७चं वाद्य: तीन सप्तकं, आत व्हॉल्व्ह, आवाज कमीजास्त करायला गुडघ्याशी दांडी. सिंथेसायझरचा पूर्वज. थोडक्यात, आपला नाग इतकी वर्षं फ्रेंच यंत्रावर डोलतोय.

त्यात एका वेळी एकच सूर वाजे. १९७०च्या मिनीमूग या सिंथेसायझरचंही तेच. पोटात ऑसिलेटर तीन, पण पट्ट्या कितीही दाबा, बोलणार एकच. पियानोवाल्यांना ही कंजुषी वाटली असेल. आपल्याकडे एका गळ्याकडून दुसरा सूर मागायची रीतच नाही. शिवाय मिनीमूग एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाई, म्हणजे चक्क मींड! ती जमत नाही म्हणून तर पेटीला किती बोलणी बसली. आकाशवाणीनं १९४०पासून तिला तीसेक वर्षं दाराबाहेर ठेवलं. मुंबईच्या चरणजित सिंगांनी मात्र १९८२त सिंथेसायझरवरच, डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले. त्यात रोलँडची टीबी-३०३ होती, बास गिटारची साथ भरून काढायला केलेली आणि तीही घसरणारी. रेकॉर्ड फारशी खपली नाही. पुढे त्याच यंत्रातून शिकागोच्या पोरांनी ॲसिड हाऊस काढलं.

मला मोह पडतो तो मिनीमूगच्या उभ्या पत्र्यावरच्या बटणांचा. डावीकडे आवाज जन्मतो, मध्ये मिसळतो, उजवीकडे फिल्टर त्याची धार कमी करतो. लपवाछपवी नाही. मात्र यंत्राला स्मरणशक्ती शून्य. कालचा आवाज आज हवा असेल तर बटणं कुठे होती ते कागदावर काढून ठेवा. आमच्या शेंगाचटणीचंही तसंच, तिखट किती, विचारलं की उत्तर येतं, "बघून."

दुसरी खोड उष्णतेची. आतले ट्रान्झिस्टर तापले की सूर सरकतो. म्हणून वादक यंत्र आधी सुरू करून ठेवत, ते स्थिरावलं की मग सूर लावत. त्रेचाळीस अंशांच्या दुपारी आमच्या गच्चीवर त्याचा षड्ज कुठवर गेला असता कोण जाणे. आताचे डिजिटल कीबोर्ड (कंपनी कुठलीही असो, आमच्याकडे तो 'कॅसिओ'च) जागचे हलत नाहीत. तेही लोकांना निर्जीव वाटलं. म्हणून संगणकातल्या नकली सिंथेसायझरमध्ये सूर किंचित भटकावा यासाठी मुद्दाम वेगळं बटण देतात. सोलापूरकरांना ते फुकट मिळालं असतं, मार्च ते जून.