गॅरेज, अंदाजे

अण्णांच्या बंगल्याच्या वायव्य कोपऱ्यात गॅरेज आहे. त्याला पाया नाही, भिंती नाहीत, छप्पर नाही. बाकी सगळं आहे. नकाशा आहे, दरपत्रकं आहेत, गवंड्यांचे आणि शटरवाल्यांचे फोन नंबर आहेत, आणि गॅरेजातल्या दिव्याचं बटण आत असावं की बाहेर, यावर घरात रीतसर झालेलं भांडणसुद्धा आहे.

असा एक अण्णा प्रत्येक कॉलनीत असतो. कुठे तो गच्चीवर पत्र्याची शेड घालणार असतो, कुठे बोअर मारणार असतो, कुठे सोलर बसवणार असतो. तो बहुधा निवृत्त असतो. शर्टाच्या खिशात पेन्सिल, पँटच्या खिशात पाच मीटरचा टेप. ‘काय म्हणताय?’ असं विचारलं, की तब्येतीऐवजी सिमेंटचा दर सांगतो.

आमच्या सांगलीतल्या अण्णांची सगळी नोकरी बांधकाम खात्याच्या लेखा शाखेत गेली. लोकांची एस्टिमेटं तपासायची, डीएसआरमधला, म्हणजे सरकारी दरसूचीतला, दर आणि कागदावरचा दर ताडून पाहायचा, लाल शाईनं शेरा मारायचा आणि फाईल परत पाठवायची, हे काम त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं, की निवृत्तीनंतर तपासायला कुणाची फाईल उरली नाही तेव्हा स्वतःचीच काढली. आता सकाळी अण्णा एस्टिमेट तयार करतात आणि दुपारी चहा झाल्यावर त्याच्यात त्रुटी काढतात. सादर करणारे तेच, परत पाठवणारे तेच. त्यामुळे कामाला विलंब होतो, पण खात्यात होत होता त्यापेक्षा जास्त होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

एस्टिमेटची वही एकदा हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. लांबट, लाल कापडी पाठीची हिशेबाची वही. डावीकडे ‘बाब’, मग लांबी, रुंदी, उंची, परिमाण, दर, रक्कम. ‘खोदाई’पासून सुरुवात. मग मुरूम भराव, सोलिंग, पीसीसी, फुटिंग, कॉलम, जोतं, वीटकाम, लिंटेल, स्लॅब, गिलावा, कोबा, शटर, रंग. अक्षर छापल्यासारखं. एकही आकडा खोडलेला नाही, कारण अण्णा खोडत नाहीत, नवीन पान घेतात.

स्लॅबचं पान तर कुणालाही तोंडपाठ व्हावं. बारा बाय अठरा फूट म्हणजे २१६ चौरस फूट. जाडी पाच इंच. म्हणजे काँक्रीट बरोब्बर ९० घनफूट, वर एक थेंब नाही. ‘एकास दीड, एकास तीन’ हा माल धरला तर सिमेंट वीस पोती, खडी पाऊण ब्रास आणि वाळू त्याच्या निम्मी. सळईचं वजन काढायला तराजू लागत नाही. व्यासाचा वर्ग करायचा, १६२ नं भागायचं, मीटरला किती किलो ते येतं. हे सांगताना अण्णांचे डोळे अर्धवट मिटतात. सगळ्यात शेवटी ‘आकस्मिक खर्च, ५ टक्के’. त्याच्याखाली मात्र अण्णांची स्वतःची, डीएसआरमध्ये नसलेली एक ओळ असते: ‘आकस्मिक खर्चात होणारी आकस्मिक वाढ’.

आता अडचण एकच होती. अण्णांकडे गाडी नव्हती.

ही अडचण इतरांना वाटायची, अण्णांना नाही. गाडी आधी घेतली आणि ती उन्हात उभी राहिली, तर रंग जाणार. म्हणून गॅरेज आधी. पण कुठली गाडी हे ठरल्याशिवाय गॅरेजचं माप ठरणार कसं? म्हणून गाडी आधी. या दोन दारांमधून आत-बाहेर करत अण्णांनी मोटार उद्योगाचा अख्खा इतिहास वहीत उतरवला. पहिलं एस्टिमेट मारुती ८०० चं. लांबी ३.३ मीटर, रुंदी १.४४ मीटर, आठ बाय पंधरा फुटांत गाडी बसून एक सायकल उरली असती. तेवढ्यात वॅगन-आर आली, ती उंच. दाराची उंची बदलली, दाराबरोबर लिंटेल, लिंटेलबरोबर स्लॅब. मग चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करसवलत मिळाली, तेव्हा अण्णांनी चार मीटर ही गाडीची कायमची लांबी धरून वहीत दुहेरी रेघ मारली. आणि लोक सव्वाचार मीटरच्या क्रेटा घेऊन फिरायला लागले. दरम्यान २०१४ मध्ये ८०० चं उत्पादनच थांबलं. ‘बांधलं असतं तर आठ बाय पंधराचं काय करणार होतो?’ असं अण्णांनी विचारलं, तेव्हा त्यांच्या आवाजात संकटातून सुटल्याचा आनंद होता. त्यांची स्कूटर तेव्हाही जिन्याखाली उभी होती, आताही आहे.

गाडीच्या रुंदीत अण्णा उतरायची रुंदी वेगळी धरतात. ‘गाडी आत गेली म्हणजे झालं नाही, माणूस बाहेर आला पाहिजे.’ ड्रायव्हरच्या बाजूला अडीच फूट. काकू शेजारी बसणार म्हणून त्या बाजूलाही अडीच फूट. ‘मी गेटपाशीच उतरेन’ असं काकूंनी लेखी दिलं असतं तर भिंत दोन फूट अलीकडे आली असती. काकू म्हणाल्या, आधी गाडीत तर बसवा.

प्रत्यक्ष कामाला माणूस बोलावलाच नाही, असं नाही. एक गवंडी आला. जागा बघितली, पायानं माती उकरली, तंबाखू मळत म्हणाला, ‘अण्णा, हितं कॉलमबिलम कशाला? सा इंची भिंत काढू, वर पत्रा टाकू. पंधरा दिसांत गाडी आत.’ अण्णांना ही भाषाच मंजूर नव्हती. पंधरा दिवस कुठून आले? हजेरीवर की अंगावर? अंगावर असेल तर सेंट्रिंग कुणाचं? पाणी कोण मारणार? स्लॅबवर आळी करून एकवीस दिवस पाणी उभं राहायला हवं. गवंडी म्हणाला, ‘पत्र्याला काय पाणी मारताय?’ बोलणी तिथंच संपली. तोच गवंडी पलीकडच्या गल्लीत गेला आणि तिथलं गॅरेज त्यानं खरोखर पंधरा दिवसांत उभं केलं. अण्णा ते बघायला गेले, टेप लावून आले आणि घरी येऊन समाधानानं म्हणाले, ‘काटकोनात नाही.’

शटरवाला आला तो १८ गेजच्या आणि २० गेजच्या पट्टीचे नमुने घेऊन. शटर गुंडाळल्यावर वर दीड फूट जागा खातं, हे त्यानं सांगताच उंची पुन्हा वाढली. मेहुणे वास्तुशास्त्र शिकलेले. त्यांनी वाहनाला वायव्य दिली. पण वायव्येला साइड मार्जिन सोडायला लागतं, म्हणून इंजिनिअरनं नैर्ऋत्य दिली. वास्तुपुरुष आणि नगररचना यांच्यात समेट घडवण्यासाठी अण्णांनी एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली मिळवून वाचून काढली. त्या नियमावलीचा अण्णांइतका रसिक वाचक महाराष्ट्रात दुसरा असेलसं वाटत नाही.

तरीही काम कधी ना कधी सुरू झालं असतं. देशानं होऊ दिलं नाही. २०१६ च्या दिवाळीनंतर अण्णा चक्क तयार झाले होते. गवंड्याला इसार द्यायला पाचशेच्या नोटा पाकिटात घालून ठेवल्या, आणि ८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले. पाकीट बँकेत गेलं. २०१७ च्या जुलैत जीएसटी लागला, सिमेंट २८ टक्क्यांत. ‘हा दर टिकणार नाही,’ अण्णा म्हणाले. २०२२ च्या उन्हाळ्यात सळई किलोला सत्तरीच्या पुढे गेली, तेव्हा अण्णांनी वही कपाटात ठेवली. मग केंद्रानं पोलादावर निर्यात शुल्क लावलं आणि दर खाली आला. लोक म्हणाले, अण्णा, घ्या आता. अण्णा म्हणाले, अजून उतरेल.

आणि अण्णांचा शब्द एकदा खरा ठरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं. आठ वर्षं थांबल्याचं सार्थक झालं म्हणून अण्णांनी कॉलनीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले. हिशेब केला: पोत्यामागे तीस रुपये धरले, तर नव्वद पोत्यांत २,७०० रुपये वाचले. एवढ्या काळात गवंड्याची हजेरी कुठून कुठे गेली हे विचारल्यावर ते म्हणाले, ‘तो हेड वेगळा.’

मध्ये पूर येऊन गेला, त्यानं मात्र अण्णांचं एस्टिमेट मुळापासून हाललं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. कॉलनीतली गॅरेजं पाण्यात, काही गाड्या त्यांच्या आत. पाणी उतरल्यावर सगळे चिखल उपसत होते. अण्णाही स्वतःच्या अंगणातला चिखल उपसत होते, पण मध्येच आत गेले आणि वहीत नवीन शीर्षक घालून आले: ‘गॅरेज न बांधल्याने टळलेले नुकसान’. त्यात शटर, वायरिंग, रंग, गाडीचं इंजिन, सगळं धरलं होतं. त्या एका पानावर अण्णांचं गॅरेज फायद्यात आलं.

पुढचं एस्टिमेट पूररेषा धरून केलं. जोतं चार फूट उंच. चार फूट चढायला उतार हवा. सहास एक धरला, तर रॅम्प चोवीस फूट लांब. गॅरेज अठरा फुटांचं, रॅम्प चोवीस फुटांचा, आणि गेटपासून गॅरेजपर्यंतचं अंतर चौदा फूट. म्हणजे दहा फूट रॅम्प गेटातून बाहेर, महापालिकेच्या रस्त्यावर. अण्णांनी हा प्रश्न आम्हा सगळ्यांसमोर मांडला. कुणी सुचवलं, रॅम्पला वळण द्या. ते वळण काकूंच्या कढीपत्त्यावरून जात होतं. तिथं गाडी अडली.

काकूंचं एक वेगळं, न लिहिलेलं एस्टिमेट आहे. वायव्येच्या त्या कोपऱ्यात दर दसऱ्याला अण्णा फक्की टाकून बारा बाय अठराचा चौकोन आखतात. काकूंना तो फार सोयीचा. उन्हाळ्यात त्यात कुरडया-सांडग्यांचं वाळवण बसतं, पावसाळ्यात अळू येतं. पलीकडच्या बाईंनी एकदा विचारलं, ‘गॅरेजचं काय झालं?’ काकू म्हणाल्या, ‘चालू आहे की. यंदा दोन पायल्या गहू वाळवला त्यात.’

अण्णांना हसणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॉलनीत ज्यांनी ज्यांनी गॅरेज बांधलं, त्यांची बिलं अण्णांच्या नजरेखालून गेली आहेत. एका ठिकाणी ठेकेदारानं सळईचं बिल लावलं. अण्णांनी जागेवर जाऊन बार मोजले: दहा एमएमचा बारा मीटरचा बार, सात किलो चारशे ग्रॅम, गुणिले नग. काट्याची पावती मागितली. ठेकेदारानं आधी पावती गाडीत राहिली म्हणून सांगितलं, मग गाडी गावाला गेली म्हणून सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी बिल आपणहून कमी करून आणलं. तेव्हापासून आमच्या भागात काम घेताना ठेकेदार मालकाला आधी विचारतात, ‘अण्णा तुमचे कोण लागतात?’ काहीच लागत नाहीत असं कळलं तर दर दहा टक्क्यांनी वर जातो.

आणि ही एवढी तपासून बांधलेली गॅरेजं आज कशी आहेत? एकात जुना पलंग, फ्रिजचं खोकं आणि गणपतीची आरास आहे. एकात मुलीचा क्लास चालतो. एकाचं शटर पुरानंतर अर्ध्यात अडकलं ते अडकलंच. गाड्या सगळ्यांच्या रस्त्यावर, झाडाखाली, वर ताडपत्री. अण्णा फिरायला निघतात तेव्हा त्या रांगेकडे बघत जातात. काही बोलत नाहीत. बोलायची गरज नसते.

गेल्या दिवाळीत त्यांचा पुण्याचा मुलगा नवी कोरी गाडी घेऊन आला. चार मीटरच्या पुढची, म्हणजे ४० टक्क्यांच्या करातली. अण्णांना पहिला धक्का तिथं बसला. मुलानं गाडी सरळ फक्कीच्या चौकोनात उभी केली. कढीपत्ता वाचला, दारं दोन्हीकडून उघडली, माणसं उतरली. सगळं अण्णांच्या मापात चपखल बसलं होतं. अण्णांनी टेप लावून खात्री केली, बॉनेटवर वही ठेवून मापं लिहून घेतली, आरशांसकट आणि आरशांशिवाय.

मुलगा म्हणाला, ‘अण्णा, आता तर गाडी पण आली. बांधून टाकू या की. पैसे मी देतो.’

अण्णांनी चष्मा वर केला. ‘पैशाचा प्रश्न नाही. कागद दाखव गाडीचे.’

मुलानं मोबाईलवर आरसी काढून दिली. अण्णांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, नोंदणीची तारीख वहीत उतरवली, तीत पंधरा वर्षं मिळवली आणि आकड्याखाली दुहेरी रेघ मारली.

‘२०४० पर्यंत आहे,’ ते म्हणाले. ‘मग गडबड करण्यात काही अर्थ नाही.’