एकविसाव्या जोडीतील तिसऱ्या गुणसूत्रास अनावृत पत्र

प्रति,
अतिरिक्त एकविसावे गुणसूत्र,
मुक्काम : अर्जदार बालकाच्या देहातील पेशी.

विषय : दिव्यांग प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाच्या दिवशी जातीने हजर राहण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सदर गुणसूत्रास कळविण्यात येते की, मानवी पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या, म्हणजे एकूण ४६ गुणसूत्रे असावीत असा निसर्गाचा सर्वसाधारण शिरस्ता असताना, एकविसाव्या जोडीत तिसरे म्हणून दाखल होताना त्याने कोणत्याही सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतल्याचे आढळून येत नाही. त्याच्या या आगंतुक वास्तव्यामुळे जी अवस्था उद्भवते, तिला तिचे वर्णन १८६६ मध्ये करणाऱ्या जॉन लँग्डन डाउन या इंग्रज वैद्याच्या नावावरून डाउन सिंड्रोम म्हणतात. तिचे कारण जादा गुणसूत्र हे आहे, हे मात्र १९५९ मध्ये फ्रान्समध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने दाखवून दिले. त्या शोधासाठी पेशी वाढविण्याचे मूळ काम करणाऱ्या मार्थ गोतिए यांचे नावच शोधनिबंधावर चुकीचे छापले गेले, ही नोंद येथे मुद्दाम करावीशी वाटते, कारण आधार कार्डावर एक आणि जन्मदाखल्यावर दुसरे नाव निघाल्यामुळे परत पाठविल्या गेलेल्या असंख्य अर्जदारांना त्यातून निदान थोर संगत लाभते.

सदर गुणसूत्राचा पुरावा तसा पक्का असतो. रक्तातील पेशी घेऊन त्यांतील गुणसूत्रे मोजण्याची व जोडीजोडीने मांडण्याची जी चाचणी कॅरिओटाइप या नावाने ओळखली जाते, तिच्यात ते सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. (काही थोड्या बालकांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटून बसते व एकूण संख्या ४६ च भरते, ही लबाडी कार्यालयीन वळणाची असल्याने तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.) परंतु दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेला कायदा १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांऐवजी २१ प्रकारच्या दिव्यांगता मान्य करीत असला, तरी त्या एकवीस नावांत एकविसाव्या गुणसूत्राचे नाव नाही. डाउन सिंड्रोम असलेले बालक बहुधा बौद्धिक दिव्यांगता या शीर्षकाखाली दाखल होते आणि तेथे प्रश्न गुणसूत्र आहे की नाही हा नसून बालकाला काय काय येत नाही हा असतो. सदर गुणसूत्राने आपल्या अस्तित्वाच्या अहवालावर फार विसंबून राहू नये, ही पहिली सूचना.

दुसरी सूचना टक्क्यांसंबंधी आहे आणि ती विस्ताराने देणे भाग आहे. बौद्धिक दिव्यांगतेची टक्केवारी ठरविताना व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी वापरली जाते. अमेरिकेतील व्हाइनलँड येथे तयार झालेल्या या श्रेणीचे भारतीय रूपांतर नागपुरात झाले. या रूपांतरात ८९ बाबी असून, पेला हातात धरून स्वतः पाणी पिणे, गुंड्या लावणे, आसपास एकट्याने जाऊन येणे अशा गोष्टी बालकाला जमतात का, हे मुख्यतः आईला विचारले जाते. उत्तरांवरून बालकाचे सामाजिक वय काढतात, त्याला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणतात आणि येणाऱ्या आकड्याला सामाजिक गुणांक म्हणतात. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा गुणांक ५५ ते ६९ असल्यास दिव्यांगता सौम्य व ५० टक्के, ३६ ते ५४ असल्यास मध्यम व ७५ टक्के, २१ ते ३५ असल्यास तीव्र व ९० टक्के आणि त्याखाली अतितीव्र व १०० टक्के धरली जाते. ७० ते ८४ या सीमारेषेवरच्या बालकाला २५ टक्के मिळतात, म्हणजे बहुतेक सवलतींसाठी आवश्यक असलेल्या ४० टक्क्यांच्या उंबरठ्याबाहेर त्याला उभे राहावे लागते.

या जिन्याच्या पायऱ्या सदर गुणसूत्राने नीट पाहून ठेवाव्यात. दहा वर्षांच्या एखाद्या मुलीचे सामाजिक वय पाच वर्षे चार महिने भरले, तर तिचा गुणांक ५३ येतो व ती ७५ टक्के दिव्यांग ठरते. तेच वय पाच वर्षे सहा महिने भरले, तर गुणांक ५५ होतो आणि ती ५० टक्क्यांवर उतरते. अर्थात आईने वर्षभर वाक् उपचार, भौतिकोपचार आणि घरचा धोसरा यांच्या जोरावर मुलीकडून दोन महिन्यांची जी जादा प्रगती करून घेतली, तिची किंमत पंचवीस टक्के. ज्या बाईने शेजारपाजारच्यांना ‘आता तिच्या गुंड्या तीच लावते’ असे दहा वेळा ऐकविले, तिने तपासणीच्या खोलीत हीच गोष्ट कोणत्या स्वरात सांगावी, याविषयी कोणतीही मार्गदर्शक तत्त्वे निघालेली नाहीत. खरे सांगितले तर कागद हलका होतो आणि खोटे सांगावे तर पोर समोरच बसलेले असते, तेही सगळे ऐकत. शिकविण्याचा खर्च भागावा म्हणून मदत मागायची आणि शिकवणे फळाला आले की मदतीचा आधार कमी व्हायचा, ही रचना कोणी दुष्टबुद्धीने केली असे म्हणता येत नाही. मोजता येण्याजोगी एकच बाजू मोजावी या सोयीतून ती झाली आहे आणि म्हणूनच ती दुरुस्त होणे अधिक अवघड आहे.

त्यातही एक गंमत आहे. अनेक मोठ्या सवलतींची दुसरी पायरी ८० टक्क्यांवर आहे आणि वरच्या तक्त्यात ८० हा आकडाच येत नाही. ७५ नंतर एकदम ९० येतात. मध्यम गटातील बालकाने कितीही प्रयत्न केला, तरी त्याला पाच टक्के उसने मिळण्याची सोय नाही. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळे आणि ८० किंवा अधिक टक्क्यांना निळे कार्ड मिळते. सदर गुणसूत्राने कोणता रंग पसंत आहे ते अगोदर कळविल्यास आभारी राहू, असे लिहिण्याचा मोह अर्जदारांनी आवरला आहे.

आता मूळ विषय. वरील मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक वर्ष पूर्ण होण्याआधी प्रमाणपत्र मिळत नाही; पाच वर्षांखालील बालकाचे प्रमाणपत्र मर्यादित मुदतीचे असते, त्यानंतर पाचव्या, दहाव्या व अठराव्या वर्षी ते नव्याने घ्यावे लागते, आणि अठराव्या वर्षी मिळालेले मात्र आयुष्यभर चालते. बालकाची कुवत वाढते, तेव्हा टक्केवारी पुन्हा तपासणे शास्त्राला धरून आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु प्रत्येक नूतनीकरणाला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दारातील रांग, मानसशास्त्रज्ञाची पुढची तारीख, छायाचित्रासाठी स्थिर न बसणारे मूल आणि बुडालेली रोजी हे सारे सव्यापसव्य नव्याने होते, जणू सदर गुणसूत्र मधल्या काळात बदली होऊन अन्यत्र रुजू झाले असावे असा प्रशासनाचा संशय आहे. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ असे म्हणणाऱ्या लोकपरंपरेपेक्षा नियम उदार आहेत: पूर्वी प्रमाणपत्र एका महिन्यात द्यायचे होते, २०२४ च्या दुरुस्तीने ती मुदत तीन महिने झाली, आणि दोन वर्षांत निर्णय न लागल्यास अर्जच व्यपगत होतो, म्हणजे उशीर करणाऱ्याचा नव्हे तर थांबणाऱ्याचा हक्क संपतो. त्याच वर्षी एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राचे प्रकरण गाजल्यापासून खिडकीपलीकडच्या नजरा आणखी बारीक झाल्या आहेत. खोटी प्रमाणपत्रे शोधलीच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. मात्र गुणसूत्राची बनावट प्रत काढण्याची कला अद्याप कोणाला साधलेली नाही.

एवढे करून हाती काय येते, असे सदर गुणसूत्र विचारील. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत दरमहा ३०० रुपये आहेत, पण त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंब, ८० टक्के दिव्यांगता आणि वयाची १८ वर्षे लागतात, तेव्हा बालकाने आधी मोठे व्हावे. राज्याच्या १९८० पासूनच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांचे अनुदान २०२५ मध्ये १५०० वरून २५०० रुपये करण्यात आले; तेथे मुलाच्या उणिवेबरोबर घराची गरिबीही तहसीलदाराच्या दाखल्याने सिद्ध करावी लागते. आयकर कायदा दिव्यांग आश्रिताच्या पालकाला ७५,००० रुपयांची आणि ८० टक्के वा त्यापुढे १,२५,००० रुपयांची वजावट देतो, परंतु २०२३ पासून जी नवी करप्रणाली आपोआप लागू होते, तिच्यात ही वजावट नाही. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना मात्र खरोखर उपयोगी आहे: वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, त्यात उपचारसत्रांचाही समावेश आणि विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणीची अट नाही. जन्मतः हृदयदोष असलेल्या बालकांना, आणि डाउन सिंड्रोममध्ये असा दोष जवळजवळ निम्म्यांना असतो, खाजगी विमा कंपन्यांची दारे किती उघडतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या एका अटीच्या अभावाचे मोल कळेल.

शेवटची सूचना अठराव्या वाढदिवसाची. त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने आई ही आपोआप पालक राहत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून तिला कायदेशीर पालकत्व मागावे लागते, आणि त्या अर्जासोबत नात्याचा पुरावा जोडावा लागतो. सदर गुणसूत्र दहापैकी सुमारे नऊ बालकांत आईच्या बीजपेशीतून आलेले असते. पेशीविभाजनातील त्या चुकीत तिचा कसलाही दोष नसतो, हे तिच्या सासरी कोणी सांगितलेले नसले तरी विज्ञानाने केव्हाच सांगितले आहे. तिच्याकडून मुलाकडे आल्याचा असा प्रत्यक्ष साक्षीदार दुसरा मिळणे नाही. सबब समितीपुढील सुनावणीच्या दिवशी सदर गुणसूत्राने मूळ कागदपत्रे व दोन स्वसाक्षांकित छायाप्रतींसह सकाळी दहा वाजता हजर राहावे. जेवणाची सुट्टी दीड वाजता असते.

कळावे,
अर्जदार पालकांच्या वतीने