नानांची नमुना सही

श्रीरामपुरात झहीर खानबरोबर एका बाकावर बसलेली जेवढी माणसं आज भेटतात, ती सगळी खरी धरली तर शाळेला वर्ग बेलापूर स्टेशनच्या फलाटावर भरवावा लागला असता. उरलेल्यांनी त्याला लहानपणी बोलिंग शिकवली. त्यातूनही जे उरले त्यांच्याकडे त्याची सही आहे. आमच्या नानांचा संबंध येतो तो या शेवटच्या गटाशी.

नाना सह्या जमवतात, पण त्यांना नुसतं सह्या जमवणारा म्हटलं की राग येतो. जमवतात ती पोरंटोरं. नाना सह्या ‘लावतात’. म्हणजे ही सही कोणत्या साली झाली, उभ्यानं झाली की बसून, मनापासून झाली की पिच्छा सुटावा म्हणून, हे ते सांगतात. प्रत्येक तालुक्याला असा एक गृहस्थ असतो. काही तालुक्यांत तो नाणी लावतो, काही ठिकाणी नातेसंबंध लावतो. आमच्या वाट्याला सहीवाला आला.

ही विद्या नानांना क्रिकेटमुळे आलेली नाही. क्रिकेट त्यांना फारसं कळतच नाही. उभी नोकरी झाली साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात. पुढ्यात मस्टर. पहाटेच्या पाळीला गव्हाणीवर चौघंच असताना मस्टरवर अकरा सह्या दिसल्या, की उरलेले सात जण कोणाच्या हातानं हजर झाले हे शोधून काढणं हे नानांचं काम. त्या मस्टरवर नानांना त्यांचा सिद्धांत सापडला. पगाराच्या दिवशी रेव्हेन्यू स्टॅम्पवर हाच कामगार जीभ बाहेर काढून नाव, वडलांचं नाव, आडनाव, खाली दुहेरी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं अशी सही करतो. रोजच्या हजेरीला मात्र एक गांडूळ काढून निघून जातो. ‘‘माणूस घेताना अख्खी सही करतो. द्यायची वेळ आली की हात आखडतो,’’ नाना सांगतात. नवा खेळाडू सही करतो तेव्हा त्याला काहीतरी मिळत असतं: कोणीतरी आपली सही मागितली! म्हणून तो अक्षर न् अक्षर काढतो, वर ‘शुभेच्छांसह’ लिहितो, तारीख टाकतो. मोठा झाला की तेच मस्टर होतं. हॉटेलात शंभर बॅटी टेबलावर मांडून ठेवलेल्या असतात आणि बस खाली उभी असते. आधी तारीख जाते, मग शुभेच्छा, मग आडनावातले स्वर. शेवटी पहिलं अक्षर आणि त्याला जोडलेली एक रेघ उरते.

याच सिद्धांताच्या जोरावर नाना सामने बघतात. २ एप्रिल २०११ ची रात्र मला चांगली आठवते. वानखेडेवर विश्वचषकाची अंतिम लढत. झहीरनं पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव टाकून सहा धावांत एक गडी घेतला होता. आख्खं श्रीरामपूर टीव्हीसमोर होतं. धोनीचा षटकार गेला, फटाके सुटले. स्पर्धेत आपल्या पोरानं २१ बळी घेतले म्हणून लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. नाना तेवढे गंभीर. ‘‘संपलं,’’ म्हणाले. ‘‘आता याची सही वाचता येणार नाही.’’

झहीरनं २००६ मध्ये संघाबाहेर असताना वूस्टरशायरकडून कौंटी गाजवली, रनअप आखडता घेतला आणि पुन्हा संघात येऊन २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजला नऊ बळी घेतले, ही गोष्ट जाणकार गोलंदाजीच्या अंगानं सांगतात. नानांच्या मते ज्यानं रनअप आखडला त्यानं सहीही आखडली असणार. पुरावा शोधणं चालू आहे. मी एकदा म्हणालो, ‘‘नाना, ३११ कसोटी बळी घेतलेत त्यानं, ते बघा की.’’ नाना म्हणाले, ‘‘ते पुस्तकात लिहिलेलं असतं. त्याला कोणी नाना लागत नाही.’’

घरी कोणी सही घेऊन आलं की नाना आधी बनियनवर सदरा चढवतात. मग मनगटावरचं घड्याळ काढून ठेवतात, ट्यूब लावतात, कागद भिंगाखाली धरतात. पहिलं बघतात ते रेघेचं टोक. खरी सही वेगात होते, म्हणून तिचं टोक निमुळतं होत हवेत जातं. नक्कल करणारा मूळ सहीकडे बघत बघत काढतो. जिथं थबकतो तिथं शाई साचते आणि रेघ कापते. मग कागद उलटा करून मागून तर्जनी फिरवतात. बॉलपेनचा दाब मागं लागला पाहिजे. छापील सहीला तो लागत नाही आणि भिंगाखाली तिचे ठिपके मोजता येतात. माझ्या लहानपणी बॅटवर गावसकरची सही असायची आणि ती प्रत्यक्ष सुनीलनं आमच्यासाठी केलेली आहे असा गल्लीचा समज होता. नानांनी एका संध्याकाळी भिंग काढून तो समज मोडला. त्या गल्लीत नानांना नंतर बरेच दिवस चहा मिळाला नाही.

सचिनची सही आली तर नाना आधी तिरपेपणा बघतात. सचिन फलंदाजी उजव्या हातानं करतो, गोलंदाजीही उजव्यानं, पण लिहितो डाव्या हातानं. उजव्या हाताचा नक्कल्या आकार जुळवतो, पण रेघ ढकलायच्या जागी ओढतो. नानांनी अशा तीन जणांना ‘हात बदलून या’ म्हणून परत पाठवलंय.

त्यांची सगळ्यात गाजलेली केस एसटीच्या तिकिटाची. एका गृहस्थानं झहीरची सही आणली. म्हणाला, १९९५ ची आहे. दोघं बसनं सोबत जात होतो, दुसरा कागद नव्हता म्हणून तिकिटाच्या मागं घेतली. गोष्ट ऐकून सगळ्यांचा ऊर भरून आला. नानांनी सही बघितलीच नाही. तिकीट बघितलं. ते मशीनमधून निघालेलं होतं. ‘‘पंच्याण्णव साली कंडक्टर पेटीतून रंगीत तिकीट काढून चिमट्यानं टिकटिक भोक पाडायचा,’’ नाना म्हणाले. ‘‘या तिकिटाचा तेव्हा जन्म व्हायचाय. झहीर पुढं गेला हे मान्य, पण तिकीट त्याच्या आधी गेलेलं मी पहिल्यांदा बघतोय.’’

जिल्ह्याच्या उत्तरेला आमच्याकडे अजिंक्य रहाणेही आहे. जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. ॲडलेडला ३६ धावांत भारताचा खुर्दा झाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला ११२ काढून सामना जिंकून देणारा कर्णधार. पण तो संगमनेरचा आणि नाना श्रीरामपूरचे, म्हणजे मामला नाजूक. जिल्ह्याचं विभाजन व्हायचं तर मुख्यालय श्रीरामपूर, संगमनेर की शिर्डी, हा वाद आमच्याकडे पिढीजात चालत आलेला आहे. त्यामुळे नानांच्या वहीत रहाणेचं पान आहे, पण ते शेजारराष्ट्राच्या विभागात. दक्षिणेच्या वाट्याला त्यांनी पैलवान दिलेत. २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरीची कुस्ती अहिल्यानगरात झाली तेव्हा नाना वही घेऊन गेले होते. पैलवानाच्या सहीबद्दल त्यांचं मत असं, की ती कधी बदलत नाही. कागद मात्र दर वेळी फाटतो.

जिल्ह्यानंच २०२४ मध्ये नाव बदललं याचं मात्र नानांना कौतुक आहे. राजकारण वगैरे त्यांच्या डोक्यात नसतं. त्यांच्याकडं ‘अहमदनगर’ शिक्क्याची पाकिटं दोन खोकी भरून आहेत आणि ती एका रात्रीत जुन्या काळातली झाली.

मोठं कुरण म्हणजे शिर्डी. काकडीला विमानतळ झाल्यापासून खेळाडू दुपारी उतरतो, दर्शन घेतो आणि संध्याकाळी मुंबईत असतो. दर्शनाला जाताना सही मागायची नाही हा नानांचा नियम. माणूस तेव्हा देवाच्या रांगेत मागणारा असतो, तो काय देणार! बाहेर येताना गाठायचं. पण तेव्हा त्याच्या एका हातात लाडूचं पाकीट, दुसऱ्या हातात शाल आणि भोवती सेल्फीवाले. सेल्फीवाल्यांवर नानांचा राग आहे. ‘‘फोटोत दोघं दिसतात. सहीत तो एकटा असतो,’’ म्हणतात. एका रणजीपटूनं लाडू दाताखाली धरून नानांच्या पाठीवर वही टेकवून सही केली होती. वाकडी आहे, आडनाव पार कडेला गेलंय, कोपऱ्यावर तुपाचा डाग आहे. नाना तो डाग पुसू देत नाहीत. नक्कल करणाऱ्याला तूप सुचत नाही. शनी शिंगणापूर इतकं जवळ असूनही नाना वही घेऊन तिकडं मुक्कामाला मात्र जात नाहीत. घरांना दारं नाहीत म्हटल्यावर शनीवर विश्वास आहे, पण शनीच्या पाहुण्यांवर नाही.

परदेशातल्या मोठ्या सह्यांची मूळ प्रत नानांना परवडत नाही, पण त्यांचा अभ्यास पक्का आहे. बेब रूथ हा अमेरिकेचा बेसबॉलवाला सुरुवातीला ‘बेब’ या टोपणनावाला अवतरण चिन्हं घालायचा. पुढं तेच नाव जगभर झालं आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस चिन्हं गळाली. त्यावरून सही आधीची की नंतरची हे कळतं. ब्रॅडमनवर त्यांची भक्ती. ९२ वर्षं जगला, चाहत्यांच्या पत्रांना स्वतः उत्तरं देत राहिला आणि सही कायम वाचता येईल अशी. शेवटच्या डावात तो शून्यावर गेला. सहीत कधी गेला नाही. त्यांच्या सिद्धांतात बसत नाही तो एक मुहम्मद अली. १९६४ पर्यंतची सही कॅशियस क्ले, पुढची अली. इथवर सोपं आहे. पण १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं आणि त्यानंतर अक्षर बारीक, कापरं होत गेलं. ‘‘हा हात आखडला, पण कंटाळ्यानं नाही,’’ नाना म्हणतात आणि ते पान लवकर उलटतात.

आणि सगळ्यात आवडती गोष्ट एफबीआयची. १९९० च्या दशकाच्या अखेरीस खोट्या सह्यांची टोळी पकडली गेली, त्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलही होते. नाना ही गोष्ट सांगताना डोळे पुसेपर्यंत हसतात. मग एकदम थांबून विचारतात, ‘‘पण सही कशी होती म्हणे?’’

काकूंना यातलं काही पटत नाही. रेशन कार्ड वेळेवर सापडत नाही, पण ओरिसाच्या बाराव्या खेळाडूची सही आम्लरहित कागदात गुंडाळलेली असते, ही त्यांची तक्रार. एका दिवाळीत साफसफाई करताना त्यांनी प्रेमानं सहा सह्या लॅमिनेट करून आणल्या. गरम प्लॅस्टिकनं शाई पसरली आणि कागद कायमचा चिकटला. नाना आठवडाभर जेवायला बसले की ताटाकडे बघून सुस्कारे टाकत होते.

गेल्या महिन्यात नानांचा चेक बँकेतून परत आला. कारण: सही जुळत नाही.

नाना मला सोबत घेऊन गेले, साक्षीदार म्हणून. काउंटरवरच्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी स्क्रीनवर नानांची खातं उघडतानाची नमुना सही काढली: नाव, वडलांचं नाव, आडनाव, दुहेरी रेघ, दोन टिंबं. चेकवर एक अक्षर आणि एक रेघ.

‘‘काका, ही तुमची नाही.’’

‘‘माझीच आहे. ती सुरुवातीची आहे, ही अलीकडची.’’

‘‘अलीकडची चालत नाही.’’

‘‘अहो, हात बदलतो माणसाचा. मुहम्मद अलीचं बघा...’’

‘‘त्यांचं खातं आमच्या शाखेत नाही.’’

मग मॅडमनी चेक उचलला, ट्यूबखाली तिरपा धरला आणि उलटा करून मागच्या बाजूनं बोट फिरवलं. ‘‘इथं थबकलात. शाई साचलीय. घाईची सही अशी नसते.’’

नाना अवाक झाले. चेक होता फरशीवाल्याचा, अठरा हजारांचा. सही करताना नाना थबकले नसते तरच नवल. पण त्यांच्या चेहऱ्यावर अपमान नव्हता. या गावात मागून बोट फिरवणारं दुसरं माणूस त्यांना पहिल्यांदा भेटत होतं. मॅडमनी नव्या नमुना सह्यांचा फॉर्म पुढं केला, तीन चौकटींचा. नानांनी पेन काढलं आणि अदबीनं विचारलं, ‘‘कोणत्या काळातली करू?’’

‘‘तीन सारख्या करा.’’

एवढंच नानांना जमेना. दोन फॉर्म वाया गेले. तिसऱ्यावर त्यांनी जीभ बाहेर काढून पगाराच्या दिवसाची सही केली, टिंबांसकट. मॅडमनी भिंगाशिवाय तपासली आणि शिक्का मारला.

मग नानांनी पिशवीतून फाइल काढली. मागं रांग होती, वॉचमन बघत होता, मी त्यांचा सदरा ओढत होतो. नानांनी वहीच्या पानावरची झहीरची सही मॅडमपुढं ठेवली, तीच एकुलती एक, जिच्यावर त्यांचं स्वतःचं मत अजून ठरलेलं नाही. ‘‘तुम्ही जरा बघता का? तुमचा हात आहे म्हणून विचारतो.’’

मॅडमनी पान उजेडात धरलं. टोक बघितलं. उलटं करून बोट फिरवलं. पुन्हा सुलटं केलं. नानांचा श्वास अडकला होता.

‘‘खातेदार समक्ष आल्याशिवाय काही सांगता येणार नाही,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘आणि येताना पॅन कार्डाची झेरॉक्स आणायला सांगा.’’